अकरावी सवाष्ण

मशीनवर मंदावहिनींच्याच साडीचा फॉल चालू होता, तेव्हा त्यांची सून ऋतुजा माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. हातात हळदीकुंकवाचा करंडा, चेहऱ्यावर नव्या सुनेचं ते अवघडलेलं हसू. मला वाटलं साडी न्यायला आली. म्हटलं, अगं, अर्धी बाजू राहिलीय अजून, संध्याकाळी ये.

"साडीला नाही आले, काकू," ती म्हणाली. "उद्या आमच्याकडं हळदीकुंकू आहे. सासूबाईंनी तुम्हाला बोलावलंय."

"मला?"

"हो. नक्की या म्हणाल्या." आणि पायरी उतरताना माझ्याकडं न बघताच म्हणाली, "आणि फोन घेऊन या हं, काकू."

करंडा तिनं उघडला नाही. आमंत्रण द्यायला आलेली बाई आधी कुंकू लावते आणि मग बोलावते, ही आपली रीत. माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. पण सहा वर्षांनी कुणीतरी माझ्या दारात बोलवायला आलं होतं. त्यात करंड्याचं झाकण उघडलं की नाही, हे कोण बघत बसतंय.

याला आता बरीच वर्षं झाली, तरी नीट मुळापासून सांगते. मी प्रभा नवले. बार्शीला बाजार समितीच्या लोकांची जी कॉलनी आहे, तिथं माझं घर. घराच्या पुढच्या खोलीत माझं पिको-फॉलचं दुकान. आमचे हे आणि मंदावहिनींचे मालक बारबोले भाऊजी, दोघंही बाजार समितीत कारकून. एका स्कूटरवर कामाला जायचे, आणि आम्ही दोघी एका दळणाच्या डब्यानं गिरणीत. एका वर्षी हळदीकुंकू त्यांच्या घरी, दुसऱ्या वर्षी माझ्या. सत्तर-ऐंशी बायका यायच्या. तिळगूळ वळताना मंदावहिनी हात भाजून घ्यायच्या आणि मला शिव्या घालायच्या, की पाक तू कडक केलास.

मग आमचे हे गेले. बसल्या जागी, चहाचा कप हातात असताना.

पुढच्या संक्रांतीला मंदावहिनींनी माझ्याकडं तिळगूळ पाठवला. डब्यात घालून, भाऊजींच्या हाती, मागच्या दारानं. कुणी मला 'येऊ नको' असं म्हटलं नाही. नुसतं बोलवायचं राहून जायचं. दर वर्षी सगळ्यांचंच राहून जायचं, इतक्या विसराळू बायका एका कॉलनीत कशा जमल्या देव जाणे. आणि गंमत बघा, जानेवारी लागला की माझ्या दुकानात काळ्या साड्यांचा ढीग. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नेसायच्या म्हणून कॉलनीतल्या झाडून सगळ्या काळ्या साड्यांना फॉल मी लावायचा. प्रत्येकीच्या निऱ्यांखाली माझा टाका. त्या नेसून, नटून, माझ्याच दारावरून जायच्या, आणि जाताना तोंड दुसरीकडं करायच्या. वाईट वाटायचं, पण खोटं कशाला बोलू, वाईट वाटायच्या आधी राग यायचा. कात्री आपटून ठेवायची मी.

माझी स्वतःची एक काळी चंद्रकळा होती. ह्यांनी शेवटच्या दिवाळीत सोलापूरहून आणलेली. घडी मोडली नव्हती, फॉलसुद्धा लावला नव्हता. गावभर फॉल लावत बसलेली बाई, पण स्वतःच्या साडीला लावायचं धाडस झालं नव्हतं. ऋतुजा गेल्यावर मी मंदावहिनींची साडी अर्धी तशीच ठेवली, कपाटातून चंद्रकळा काढली आणि तिला फॉल लावला. मंदावहिनींची साडी नंतर पुरी केली. त्या दिवशी मी कामाच्या आधी माझी हौस केली, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

आता त्या महावाणाबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आपल्यात हळदीकुंकवाला वाण देतो ना, त्याला वाण देणं असं आपण म्हणत नाही. वाण लुटलं, असं म्हणतो. यंदा काय लुटलंस, मी डबे लुटले, तिनं कंगवे लुटले. देणाऱ्या हाताला लुटणं हा शब्द लावणारी माणसं आपण. तर त्या वर्षी मोबाईलवर एक मेसेज फिरत होता. कुणीतरी आपल्यातलंच असणार लिहिणारं, कारण त्याला हे सगळं बरोबर माहीत होतं. 'महावाण! ताई, यंदा वाण लुटा मोबाईलवरून. अकरा सवाष्णींना जोडा आणि घरघंटी मिळवा, अगदी फुकट. जोडलेल्या प्रत्येक सवाष्णीला स्टीलच्या डब्यांचा संच, तोही फुकट.' पोच खर्च तेवढा आधी भरायचा. खाली हळदीकुंकवाच्या करंड्याचं चित्र, त्यावर बोट दाबलं की नाव-नंबर भरायचा कागद उघडायचा.

घरघंटी म्हणजे काय हे पुरुषांना नाही कळायचं. घरात स्वतःची चक्की असली की गिरणीच्या रांगेत उभं राहणं नको, आणि चार घरची दळणं आणली की बाईच्या हातात दोन पैसे येतात. मंदावहिनींना कितीतरी वर्षं घरघंटी हवी होती. भाऊजी 'बघू' म्हणायचे, आणि भाऊजींचं 'बघू' म्हणजे काय ते मला ठाऊक होतं.

माझ्या दुकानात दिवसभर तोच विषय. साडीचं माप देता देता एकमेकींना जोडणं चालायचं. मी एकदा सुई दातात धरून विचारलं, की आतापर्यंत घरघंटी कुणाला आलीय का? तर आली की, म्हणाल्या. मोहोळला मंदावहिनींच्या भाचीच्या शेजारणीला आली म्हणे. कुर्डुवाडीत कुणा मास्तरीणबाईंना आली म्हणे. सगळ्या घरघंट्या 'म्हणे' गावाला पोचत होत्या. मी तसं बोलूनही दाखवलं. त्यावर बाकीच्या हसल्या, पण कॉलनीतलीच नलिनीवहिनी हसली नाही. ती जरा गप्पच झाली आणि साडी उचलून निघाली. तेव्हा मला वाटलं, हिचं काहीतरी बिनसलं असेल घरी.

कॉलनीतल्या प्रत्येक फोनवर ती लिंक चार-चारदा फिरली. माझ्या फोनवर एकदाही आली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चंद्रकळा नेसले. आरशात बघितलं. मी रोज लावते ती बारीक काळी टिकली लावली, केसात मात्र काही माळलं नाही. कुणी गजरा दिला तर माळू, म्हटलं. फोन कमरेला खोचला आणि निघाले. मधे पाच घरं, पण तिसऱ्या घरापाशी एकदा वाटलं माघारी फिरावं. मग वाटलं, का फिरू? बोलावलंय मला.

मंदावहिनींच्या हॉलमध्ये सतरंजीवर बायका दाटीनं बसल्या होत्या. मी दारात दिसले आणि सगळ्यांच्या माना वळल्या. एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलेलं मला दिसलं. पण मंदावहिनी स्वतः उठून पुढं आल्या. अंगावर तीच साडी, मी आदल्या दिवशी हातावेगळी केलेली. त्यांनी माझा हात धरला.

"ये गं प्रभा. इथं माझ्याजवळ बस."

सहा वर्षांचा राग त्या एका वाक्यात पाण्यासारखा वाहून गेला म्हणा ना. मी बसले. चंद्रकळेचा पदर नीट केला. शेजारी नलिनीवहिनी होती, तिनं सरकून जागा दिली आणि हळूच म्हणाली, की साडी छान आहे, नवले भाऊजींनी आणलेली ना? मी मान हलवली.

ऋतुजा करंडा घेऊन ओळीनं हळदीकुंकू लावत येत होती. आधी हळदीचं बोट, मग कुंकवाचं. मागून कुणी गुलाबपाणी शिंपडत होतं. पुढ्यात बोरं, उसाचे करवे, ओला हरभरा. ओळ माझ्यापर्यंत आली. नलिनीवहिनीला लावून झालं. ऋतुजाचं बोट करंड्यातून वर आलं, कुंकू लागलेलं, आणि माझ्या कपाळापासून वीतभर अंतरावर थांबलं. तिनं सासूकडं बघितलं. मंदावहिनींनी मान हलवली. इतकी बारीक, की बाकी कुणाला दिसली नसेल. पण मी त्यांच्याजवळच बसले होते, मला दिसली.

बोट माझ्यावरून पुढं गेलं आणि पलीकडच्या बाईच्या कपाळाला लागलं.

मी तरीही बसून राहिले. आता खरं सांगायचं तर मला तेवढ्यातही समाधान होतं. म्हटलं, बसवलं तरी, आत तरी घेतलं. कुंकवाचं काय, पुढच्या वर्षी लावतील. इतकी हावरट झाले होते मी त्या सतरंजीवरच्या जागेसाठी. आपल्याच माणसांत बसायला मिळावं म्हणून माणूस काय काय गिळतं.

मग मंदावहिनी माझ्याकडं सरकल्या. "फोन आणलायस ना? दे बरं जरा."

मी कमरेचा फोन काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो ऋतुजाला दिला, आणि ऋतुजा मान खाली घालून काहीतरी टाइप करत बसली. मी विचारलं काय करायचंय, तर मंदावहिनी म्हणाल्या, काही नाही गं, नुसतं नाव भरायचं, तुलासुद्धा डबे मिळतील. तुझा पोच खर्च मीच भरते, तू काळजी करू नको. फक्त आता तुझ्या फोनवर एक आकडा येईल तो वाचून दाखव. माझ्या दहा झाल्यात, तू अकरावी. कॉलनीत नवीन नंबरच शिल्लक नाही बघ, जिला विचारावं ती आधीच कुणीतरी जोडलेली.

फोन टिंग करून वाजला. ऋतुजानं तो माझ्यापुढं धरला. वर तो आकडा होता, आणि खाली करंड्याच्या चित्राशेजारी माझं नाव.

सौ. प्रभा नवले.

ते 'सौ.' तिनं लिहिलेलं नव्हतं. कागदावर आधीच छापलेलं होतं, सगळ्यांसाठीच. सवाष्णींचाच कागद ना तो. मी ते वाचलं. परत वाचलं. सहा वर्षांत माझ्या नावाआधी ते एक अक्षर कुणी लावलं नव्हतं. बँकेत नाही, मतदार यादीत नाही, लग्नपत्रिकेवर तर नाहीच.

"वाच ना आकडा," मंदावहिनी म्हणाल्या. "जातो तो लगेच."

"मंदावहिनी," मी म्हटलं, "माझं कपाळ चालत नाही, आणि नंबर चालतो?"

मी आवाज चढवला नव्हता. पण हॉलमध्ये बोरं खाणाऱ्यांचे हात थांबले.

मंदावहिनींचा चेहरा उतरला. हळू बोल, म्हणाल्या, लोक बघतायत. मी म्हटलं, बघू द्या की, लोकांनी बघावं म्हणूनच तर हळदीकुंकू करतो आपण. त्यांनी इकडंतिकडं बघितलं. एकीकडं बायका, दुसरीकडं फोनवरचा तो आकडा, आणि मधे त्यांची घरघंटी. मग एकदम ऋतुजाला म्हणाल्या, "लाव गं हिला कुंकू. राहिलं असेल चुकून."

ऋतुजाचे डोळे चमकले. ती करंडा घेऊन लगेच वाकली. सहा वर्षं मी ज्या बोटाची वाट बघितली ते बोट माझ्या कपाळाशी आलं होतं. डोळे मिटून घेतले असते तर संपलं होतं. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, माझी जागा पक्की. फक्त एक आकडा वाचायचा.

मी तिचा हात धरला.

"आता नको, ऋतुजा. नंबराच्या बदल्यात कुंकू मिळायला लागलं, तर ही पण स्कीमच झाली."

आणि मी उठून उभी राहिले. उठल्यावर बोलायचंच होतं. एकदा तोंड उघडलं की अर्ध्यावर थांबणं मला जमत नाही, आमचे हेसुद्धा म्हणायचे. नलिनीवहिनी त्या दिवशी दुकानातून गप्प होऊन का गेली, हे मला उभं राहता राहता लख्ख कळलं. आपल्यात वाण मागून घेत नाहीत. कुणी वाण दिलं तर मुकाट्यानं पदरात घ्यायचं, नाही दिलं तर 'माझं कुठंय' असं विचारायचं नाही. विचारलं तर देणारीचा अपमान, आणि आपलंच हसं. बिचारीचे डबे आले नसणार, आणि ती ते बोलणारही नव्हती. तिच्यासारखी एकही बोलणार नव्हती. ज्यानं ते महावाण काढलं, तो याच्यावरच जगत होता.

"तुम्ही सगळ्या सवाष्णी," मी म्हटलं. "तुम्हाला वाण मागायची चोरी. मला तुम्ही त्यात धरत नाही, म्हणून मला काही चोरी नाही. मी विचारते. ते स्टीलचे डबे कुणाकुणाला आले? ज्यांना आले त्यांनी हात वर करा."

कुणी हात वर केला नाही. जी ती दुसरीच्या हाताकडं बघत होती. ही करेल, ती करेल. बांगड्यासुद्धा वाजल्या नाहीत.

मग नलिनीवहिनी म्हणाली, "मला वाटलं माझेच राहिलेत."

"मलाही तसंच वाटलं," मागून कुणी म्हणालं. आणि मग एकदम सगळ्या. माझे नाहीत, माझेही नाहीत, मी तर दोनदा पोच खर्च भरला, मला वाटलं माझा पत्ता चुकला. एक म्हणाली मंदावहिनींना कसं विचारायचं, त्यांनी प्रेमानं जोडलं. एकेकीचं तोंड असं सुटलं, की इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं त्या हॉलमध्ये ओतलं गेलं.

मंदावहिनी अजून हार मानायला तयार नव्हत्या. मोहोळला आलीय घरघंटी, म्हणाल्या, भाचीच्या शेजारणीला, मी काय खोटं बोलते का? आणि तेव्हा, करंडा छातीशी धरून उभी असलेली ती पोर बोलली. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, सासूपुढं ब्र काढायची नाही.

"मी मोहोळला फोन केला होता, आई. त्यांच्याकडं नाही आली. त्या म्हणाल्या, बार्शीला बारबोल्यांकडं आली असं ऐकलंय."

कुणीतरी फस्सकन हसलं. मंदावहिनी त्या हसण्यानं पेटल्या. सुनेवर पेटायला हवं होतं, नाहीतर त्या मेसेजवाल्यावर, पण समोर मी उभी होते.

"म्हणूनच," त्या माझ्याकडं बोट करून म्हणाल्या, "म्हणूनच बोलवत नाहीत तुझ्यासारखीला."

हे मात्र वर्मी लागलं. ते वाक्य सहा वर्षं त्या कॉलनीत सगळ्यांच्या तोंडात होतं, पण बोललं कुणी नव्हतं. आज ते माझ्या सगळ्यांत जवळच्या बाईनं बोलून टाकलं. ऋतुजानं करंडा घेताना सतरंजीवर ठेवलेला माझा फोन मी उचलला, ते 'सौ.' लिहिलेलं पान बंद केलं आणि कमरेला खोचला.

"मला बोलावलंत कुठं, मंदावहिनी?" मी म्हटलं. "नंबराला बोलावलं होतं. नंबर घरी चाललाय."

पाच घरं मी ताठ चालत गेले. दुकानाचं शटर ओढलं आणि मग रडले. चंद्रकळेच्या पदरात तोंड खुपसून रडले, आणि रागानं रडले. हुंदके देता देता मशीनला लाथ मारली, ती माझ्याच अंगठ्याला लागली.

घरघंटी आली नाही हे सांगायला नकोच. पोच खर्च घेणाऱ्यांचा फोन लागेना. पोलिसांत जाऊ या म्हटलं, तर अर्ध्या बायका म्हणाल्या, वाणाची तक्रार कुणी करतं का? तरी नलिनीवहिनी आणि मी गेलो. साहेबांनी सगळं लिहून घेतलं आणि आम्हालाच शहाणपण शिकवून परत पाठवलं. ऑगस्टमध्ये तेच चित्र परत आलं. करंड्याच्या जागी राखी, आणि वाणाच्या जागी ओवाळणी. 'अकरा भावांना जोडा.' या वेळेला कॉलनीत कुणी बोट लावलं नाही. निदान लावलं असं कुणी सांगितलं नाही.

मंदावहिनी साड्या गावातल्या दुसऱ्या दुकानात टाकायला लागल्या. रस्त्यात दिसल्या की मी सरळ बघायची. त्या खाली बघायच्या. भाऊजींनी एकदा समेट घडवायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, भाऊजी, तुम्ही आधी त्यांना घरघंटी घेऊन द्या, मग माझ्याशी बोला. त्यावर ते 'बघू' म्हणाले.

वर्ष फिरून संक्रांत आली, आणि मी ठरवलं. कुणी आपल्याला बोलवेल याची वाट बघत बसायला मला दुसरा जन्म मिळणार नव्हता. मी करंडा विकत आणला. सकाळी आरशासमोर उभी राहिले आणि माझं कुंकू मीच लावलं. नीट गोल. पहिल्यांदा जरा वाकडं गेलं, म्हणून पुसून परत लावलं. मग कॉलनीत दारोदार गेले आणि प्रत्येक दारात आधी करंडा उघडला, मग बोलावलं. बाई सवाष्ण आहे का, लग्न झालंय का, नवऱ्यानं टाकलीय का, काही विचारलं नाही. माझ्या हातचं कुंकू ज्यांना चालत नसेल त्यांनी येऊ नका, मला राग येणार नाही, असंही सांगितलं. राग आला असता, पण सांगितलं. दोघीतिघींनी दारातच कपाळ मागं घेतलं. एकीनं दुधाचं निमित्त केलं. मी पुढच्या दाराला गेले.

मंदावहिनींच्या दारातही गेले. दार ऋतुजानं उघडलं. तिला कुंकू लावलं, तेव्हा ती माझ्याकडं बघून अशी हसली की पुरे. आत भांडी आपटल्याचा आवाज झाला. सासूबाईंनाही सांग, म्हटलं, आणि निघाले.

वाण म्हणून मी साडीचे काळे फॉल आणले होते. जिला फॉल मिळेल तिच्या साडीला तो लावून द्यायची मजुरी माफ. कुणाला जोडायचं नाही, कुठं नंबर द्यायचा नाही, पोच खर्च नाही. फुकट म्हणजे फुकट. मशीन भिंतीला सरकवली, खोलीत सतरंजी टाकली आणि चंद्रकळा नेसून बसले.

बराच वेळ कुणी आलं नाही. मग ऋतुजा आली, एकटीच. मग नलिनीवहिनी. मग दोघी-चौघी करत येत गेल्या. सगळ्या नाही आल्या. सत्तर-ऐंशी तर नाहीच नाही. कोपऱ्यावरच्या कृष्णाबाई, ज्यांचे मालक माझ्या ह्यांच्याही आधी गेले, त्या दारापर्यंत आल्या आणि मला चालतं का गं खरंच, असं विचारत राहिल्या. मी हाताला धरून आत ओढलं त्यांना. कुंकू लावलं तेव्हा त्या डोळे मिटून बसल्या आणि बराच वेळ उघडेनात. खोलीतल्या बायका त्यांच्याकडं बघत होत्या. मग नलिनीवहिनीनं मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "प्रभावहिनी, यंदा काय लुटलंत?" आणि खोली हसली.

दिवे लागायच्या सुमाराला पायरीवर कुणीतरी उभं असल्याचं मला जाणवलं. मंदावहिनी होत्या. अंगावर गेल्या वर्षीचीच साडी, मी फॉल लावलेली. आत पाय टाकत नव्हत्या आणि माघारीही वळत नव्हत्या. ऋतुजा अर्धी उठली आणि परत बसली.

मी करंडा घेऊन दारात गेले.

"फोन आणलाय?" मी विचारलं.

त्यांनी दोन्ही हात पुढं करून दाखवले. रिकामे होते. "घरी ठेवून आले," म्हणाल्या.

"मग या."

त्या पायरी चढून वर आल्या आणि त्यांनी कपाळ पुढं केलं. मी आधी हळद लावली, मग कुंकू. बोट जरा जोरातच लागलं माझं, पण त्यांनी कपाळ मागं घेतलं नाही.